बिनशिट्टीचा हिवाळा

सोयाबीन निघालं की आमचं देऊळघाट काही दिवस भुरकट दिसतं. गावाच्या चारी अंगांना थ्रेशर घरघरत असतात आणि कुटाराची, म्हणजे शेंगांच्या भुशाची, धूळ वाट मिळेल तिथे शिरते. केसांत, वाळत घातलेल्या साड्यांत, उघड्या राहिलेल्या माठात. दुपारचं ऊन त्या धुळीतून गाळून खाली येतं आणि नेहमीचीच घरं, नेहमीचेच लिंब, मंदिराची नेहमीचीच पायरी जरा लांब सरकल्यासारखी वाटते. मला हे दिवस फार आवडतात. वहिनीजवळ तसं म्हटलं की ती हातातला झाडूच पुढे करते. "आवडते ना? मंग घ्या सुमनताई, झाडा."

या दिवसांत आमच्या शाळेमागचं मैदान हे मैदान नसतंच. तिथे ताडपत्र्या असतात, सोनेरी ढीग असतात, ढिगांवर पाय पसरून बसलेली म्हातारी माणसं असतात. पोरं कडेकडेने हिंडतात आणि जो भेटेल त्याला विचारतात, "काका, कवा उचलता?" मग एका सकाळी शेवटचं पोतं उचललं जातं. मातीत चार दाणे उरतात, त्यांच्यावर साळुंक्या उतरतात, आणि त्या साळुंक्या एकदम उडाल्या की समजायचं, चेंडू आला.

परवा मी सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते. खिडकीबाहेर धप्प असा आवाज झाला. फुटबॉल कोरड्या मातीवर आपटला की होतो तो, पोकळ आणि समाधानी. वर्गातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. माझीही वळली. फक्त एक मान वळली नाही, आणि ती माझ्या भावाच्या मुलीची, कांचनची होती. ती वहीत बघत होती. मला पुढचं गणित सुचेना. हातात खडू तसाच राहिला आणि मागचा हिवाळा आत येऊन बसला.

मागच्या वर्षी याच दिवसांत स्नेहाताई आली होती. बुलढाण्याहून स्कूटीवर, डोक्याला रुमाल, पाठीवर जाळीच्या पिशवीत फुटबॉल. कुठल्याशा संस्थेतर्फे गावोगावच्या पोरांना खेळवते म्हणाली. पोरं आणि पोरी एकत्र, हे ऐकून निम्मे पालक तिथेच खाकरले. पण सगळ्यांना खटकली ती वेगळीच गोष्ट. खेळाची बाई, आणि गळ्यात शिट्टी नाही.

"शिट्टी नाही," ती म्हणाली. "ज्याचं चुकलं त्यानं स्वतः हात वर करायचा. हात वर झाला की त्याला कोणी एक शब्द बोलायचा नाही. समोरच्यानं फक्त म्हणायचं, बॉल माझा. आणि खेळ पुढे."

आमच्या गावात एवढ्यावर खेळ चालेल यावर माझा काही विश्वास नव्हता. इथे नळाच्या रांगेतसुद्धा पंच लागतो. आणि खरंच, पहिल्या आठवड्यात हात भरपूर वर झाले, पण दुसऱ्यांचे. ज्याला त्याला समोरच्याचं मनगट धरून आभाळाकडे न्यायची घाई. "ह्याचा लागला ताई, ह्याचा!" "खोटं नको बोलू बे, तुहाच लागला!" एकदा तर दोघांनी एकमेकांचे हात धरून वर केले आणि फुगडी अडकावी तसे उभे राहिले. स्नेहाताई मध्ये पडली नाही. गवतावर बसून फुटाणे खात राहिली. पोरं भांडून दमली, मग आपोआप पांगली.

पहिला खरा हात कांचनचा वर झाला. तिच्या हाताला चेंडू लागलेला कुणी पाहिलाच नव्हता. सगळे पुढे धावत होते आणि ही मागे एकटी उभी, कोपरात थोडा वाकलेला हात वर करून, उत्तर येतंय पण खात्री नाही अशा पोरीसारखी. समोरच्या पोराला काय करावं कळेना. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पुटपुटला, "बॉल माहा." बस्स, एवढंच. कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही, आणि चेंडू पुन्हा पळायला लागला. मी शाळेच्या व्हरांड्यातून पाहत होते. गंमत म्हणजे मलाच छातीत हलकं वाटलं.

ही कांचन मुळात अबोल. मी लग्न केलं नाही, भावाकडेच राहते, त्यामुळे तिला पाळण्यातून पाहिलेलं. परिपाठाला उभी राहिली की तिला चक्कर यायची, प्रार्थना संपायच्या आत ती खाली बसलेली असायची. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. औषधाची बाटली आणली की ती मोरीत रिकामी व्हायची. स्नेहाताईने औषधाचं नावही काढलं नाही. खेळण्याआधी ती सगळ्यांची नखं बघायची, हात धुवायला लावायची, आणि खेळून झालं की गूळ-शेंगदाणे, भिजवलेले हरभरे असं काहीतरी पोरांच्या मुठीत द्यायची. दुकानातले चटकमटक पुडे मैदानावर बंद. थंडी पडू लागली, बुलढाण्याकडून येणारा वारा गालाला चावू लागला, तशी कांचन संध्याकाळी लालबुंद होऊन घरी यायची आणि चुलीपुढेच बसायची. वहिनी तव्यावरून भाकर काढायची आणि ती ताटात पडायच्या आत अर्धी संपलेली असायची. "पोरीले भूक लागून राह्यली हो," वहिनी मला कुजबुजत सांगायची, दृष्ट लागेल अशा भीतीने.

हात वर करण्याचं ते वेड मग गावभर पसरलं. शाळेतल्या नळाची तोटी तुटली तेव्हा वर्गात मी "कुणी तोडली" असं विचारायच्या आत मागच्या बाकावरून हात वर. शिक्षकाची एवढी मोठी कामगिरी कुणी अशी हिरावून घेतली की जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं. घरोघरी दूध सांडलं की हात, कप फुटला की हात. एक पोरगा आईबरोबर एसटीने बुलढाण्याला चालला होता. गर्दीत त्याचा पाय कुणाच्या तरी पायावर पडला म्हणून त्याने शिस्तीत हात वर केला. कंडक्टरला वाटलं, याला उतरायचंय. त्याने घंटी ओढली आणि गाडी भर शिवारात थांबली. ती आई अजून तो किस्सा सांगताना हसून डोळे पुसते.

खेळ संपला की सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि समोरच्या बाजूच्या एकाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. टोपणनावाने नाही, स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने. ज्याला जन्मापासून सगळे "ठेंग्या" म्हणत आले त्याचं खरं नाव काय, हे निम्म्या गावाला तेव्हा कळलं. सूर्य मावळतीला टेकलेला, धुळीचा रंग केशरी झालेला, आणि त्यात बसून पोरं एकमेकांची स्तुती करताहेत, लाजून गवत उपटताहेत. मी घरी जायला उशीर करायची. वह्या तपासायच्या राहिल्या आहेत असं सांगायची.

त्या गोलात एक पोरगा होता, ओंकार. वासुदेवभाऊंचा मुलगा. वासुदेवभाऊ आमचे चुलतभाऊ. त्यांचं शेत आणि आमच्या दादाचं शेत लागून आहे, मध्ये फक्त धुरा. धुरा म्हणजे दोन वावरांमधली गवताची पट्टी, ज्यावर कुणी पेरायचं नसतं. बैल तिथे चरतात, बायका तिथून डोक्यावर शिदोरी घेऊन जातात. आमच्याकडे कुणी कुणाचं शेत लुटत नाही. दर साली नांगरताना धुऱ्याचं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत घेतो, बस्स. बोटभर, वीतभर. समोरचाही तेच करतो. असं होता होता आमचा धुरा इतका निमुळता झाला की त्यावरून शेळीसुद्धा विचार करून चालायची. कुणी आधी कोरला यावरून दादा आणि वासुदेवभाऊ भांडले, तलाठी आला, दोरी ताणली, दोरी कुणी धरायची यावरून पुन्हा भांडले. तेव्हापासून दोन्ही घरं बोलत नाहीत.

कांचनला आणि ओंकारला घरून बजावलेलं होतं की एकमेकांशी बोलायचं नाही. पास द्यायचा नाही असं कुणी बजावलेलं नव्हतं. त्यामुळे ते अख्खा हिवाळा एक अक्षर न बोलता खेळले. ती मान न वळवता चेंडू सोडायची आणि तो तिथे असायचा. मला कधीकधी वाटतं, माणसांनी थोडे दिवस नुसतेच पास द्यावेत, बोलायचं नंतर बघू.

एकदा सराव म्हणून दोघांना समोरासमोरच्या बाजूंना टाकलं. शेवटी गोलात ओंकारची पाळी आली तेव्हा त्याने आधी जमिनीकडे पाहिलं. मग स्नेहाताईकडे तोंड करून म्हणाला, "कांचन दिगंबर हरली तरी रडत नाही." कांचनने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

दादाला हे सगळं पसंत नव्हतं असं नाही. पोरगी जेवू लागली याचा त्यालाही आनंद होता. पण दादाचं एक वेळापत्रक असतं. पोरगी सहावीत गेली म्हणजे आता घरातली कामं, आता ओढणी, आता पुरे. जळगाव जामोदला चार गावच्या पोरांचे सामने ठरले तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवून निकाल दिला. "तथून कप आणला त खेळ पुढं. नाही आणला त संक्रांतीपासून बूट माळ्यावर. कबूल?"

"हाव," कांचन म्हणाली.

दादा शब्दाचा पक्का आहे, हे त्याचं गावभर कौतुक. घरात राहणाऱ्यांना त्या कौतुकाचं काय करावं ते समजत नाही.

जळगाव जामोदला निघालो ती सकाळ मला अजून स्वप्नात येते. भाड्याच्या गाडीत पोरं कोंबलेली, काचांवर श्वासाची वाफ, वाफेवर बोटाने काढलेले गोल. बुलढाणा मागे पडलं, राजूरचा घाट उतरू लागलो आणि खाली सगळं धुक्यात. वळणावळणाला थंडी एकेक पदर काढून ठेवत होती. नांदुऱ्याच्या पुढे ऊन उबदार झालं, आणि मग लांबवर सातपुडा दिसला, धुतलेल्या निळ्या लुगड्यासारखा. डोंगर पाहून पोरं गप्प झाली. दादाही आला होता. तिथल्या बाजारात काम आहे म्हणाला, पण बाजाराकडे काही गेला नाही. लिंबाखाली हाताची घडी घालून उभा राहिला.

तिथे पंच होता आणि त्याच्याकडे शिट्टी होती. शेवटच्या सामन्यात जळगावची पोरं आणि आमची बरोबरीत होती. वेळ संपत आली होती. उंचावरून चेंडू आला, कांचनने उडी मारली, चेंडू खाली पडला, ओंकारने धावत येऊन तो जाळ्यात मारला. शिट्टी वाजली. गोल! आमची पोरं एकमेकांवर पडली, स्नेहाताईच्या डोक्यावरचा रुमाल उडाला. मी तर शेजारच्या अनोळखी बाईला मिठीच मारली. मग मला दिसलं. सगळ्या गलबल्यापासून दूर कांचन उभी होती. हात वर करून.

पंचाला काही समजेना. तो जवळ गेला. "काय झालं बेटा? लागलं का? पाणी पाहिजे?"

"सर, हाताले लागला बॉल."

"मी पाहिला नाही. गोल दिलेला आहे मी."

"पण मले लागला ना."

तो माणूस भला होता. तो तिला हळूच म्हणाला की बेटा, जाऊ दे, जिंकलात तुम्ही. ती हात खाली घेईना. तिने एकदा लिंबाकडे पाहिलं, जिथे तिचे बाबा उभे होते. पोरीला नीट ठाऊक होतं की त्या हातात काय आहे. तिचे स्वतःचे बूट होते. खरं सांगते, मी मनात म्हटलं, घे गं बाई हात खाली, तुझी आत्या कुणाला सांगणार नाही.

मग ओंकार आला. गोल त्याचा होता. तो तिच्या बाजूला उभा राहिला आणि अख्ख्या हिवाळ्यात पहिल्यांदा तिच्या बाजूने बोलला. "सर, गोल नाही आमचा. बॉल त्यायचा."

पुढचं लवकर झालं. चेंडू जळगावच्या पोरांकडे गेला, आणि थोड्या वेळाने त्यांनी गोल केला. कप त्यांना मिळाला. परत येताना गाडीत पोरं आधी रुसली, मग झोपली. घाट चढताना पुन्हा थंडी आली आणि मी माझी शाल कांचनच्या पायांवर टाकली. दादा पुढच्या सीटवर रस्त्याकडे बघत बसला होता.

संक्रांतीला कांचनने स्वतःच बूट कागदात गुंडाळले आणि शिडी लावून माळ्यावर ठेवले. ओंकारने सांगितलं होतं तसंच, ती रडली नाही. मीच भांडले. "दादा, पोरगी खरं बोलली अन् तू तिलेच घरी बसवतं?"

"म्या तिले खोटं बोलाले सांगतलं होतं काय?" तो म्हणाला. "कप आण म्हटलं होतं. आणला नाही. शब्द म्हंजे शब्द."

स्नेहाताई एकदा घरी आली. दादाने तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि नाही म्हणून सांगितलं. उन्हाळा गेला. शाळा उघडली आणि एक दिवस परिपाठाला मी पाहिलं, कांचन भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्या दिवशी खाली बसली. भाकरी पुन्हा ताटात उरू लागली. वहिनी आता कुजबुजत नव्हती, नुसती ताट उचलून न्यायची. श्रावणातल्या एका ओल्या दुपारी दादा पडवीत दोर वळत बसला होता. कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाला, "गोल वासुदेवच्या पोराचा होता ना तो?" मी हो म्हटलं. तो पुन्हा दोर वळायला लागला.

परवा तो धप्प आवाज झाला, कांचनची मान वळली नाही, तेव्हा मला हे सगळं आठवलं. काल मी शाळा सुटल्यावर मुद्दाम शेताच्या वाटेने घरी निघाले. हरभऱ्यासाठी दादाचं वावर तयार होत होतं. नांगरलेल्या मातीचा वास सुटला होता, ट्रॅक्टरमागे बगळे चालत होते. धुऱ्याजवळ ट्रॅक्टर आला आणि दादा आडवा उभा राहिला. त्याने हाताने खूण केली, इकडून वळव. ड्रायव्हर ओरडला, "काऊन हो? एवढी जमीन सोडता काय?"

"राहू दे," दादा म्हणाला.

ट्रॅक्टर वळला. धुऱ्याच्या आमच्या बाजूला एक चांगली रुंद पट्टी तशीच राहिली, वाळक्या गवताची, सोयाबीनच्या खुंटांची. पलीकडे वासुदेवभाऊ विहिरीवर उभे होते. ओंकार मात्र धुऱ्यावर येऊन त्या पट्टीकडे बघत उभा राहिला. मी वाटेवरून पुढे गेले. विचारायचं नसतं, हे मला पोरांनीच शिकवलं होतं.

संध्याकाळी दादाने शिडी लावली. माळ्यावरून कागदाचं पुडकं काढलं, अंगणातल्या दगडावर बूट एकमेकांवर आपटले. मागच्या हिवाळ्याची माती खाली पडली. त्यात जळगावचीही असेल. वहिनी चुलीपासून उठून दारात आली. कांचन पायरीवर बसली होती. दादा तिच्यापुढे उकिडवा बसला, तिचा पाय हातात घेतला आणि बूट चढवायला लागला.

बूट चढेना. त्याने नाडी सैल केली, टाच दाबली, बोटं आत सरकवली. पोरीचे पाय वाढले होते. दादा तो इवलासा बूट हातात धरून बसून राहिला. आजवर कुणी त्याला चूक दाखवली की तो उठून गोठ्यात जायचा. काल तो उठला नाही. त्याने बुटाकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे, आणि मग हळूहळू, कोपरात थोडा वाकलेला, मातीने भरलेला उजवा हात वर केला.

वहिनीने पदर तोंडाला लावला. मला काही दिसेनासं झालं. कांचन त्या हाताकडे बघत राहिली. नियम ती विसरली नव्हती. एक शब्दही बोलायचा नसतो, फक्त एवढंच म्हणायचं असतं.

"मंग बाबा, बॉल माहा," ती म्हणाली, आणि अनवाणीच मैदानाकडे पळाली.